गच्चीवरची माती

इमारतीतले सगळे तिला थोरली म्हणत. खरं तर हे घरातलं नाव. एका घरात दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. पण या दोघी जावा मिळून सगळ्या इमारतीचा स्वयंपाक करायला लागल्या, आणि घरातली नावं जिना उतरून सगळ्यांची झाली. तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही तिला थोरलीच म्हणायचे. थोरलीला कधी कधी वाटायचं, आपण जन्मतःच थोरल्या होतो की काय.

इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली. केबलच्या एका कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली. कारखाना बंद पडला तेव्हा घरं कामगारांच्या नावावर झाली आणि त्यांच्या हातचं काम गेलं. डोक्यावर छप्पर होतं, पण छप्पर काही शिजवून खाता येत नाही. तळमजल्यावर सायकली ठेवायची एक लांबलचक खोली होती. कारखाना गेला तशा सायकलीही एकेक करून विकल्या गेल्या आणि खोली रिकामी झाली. तेव्हा धाकटी म्हणाली होती, "जाऊबाई, इतक्या घरांत इतक्या चुली पेटवायच्या कशाला? एकच मोठं पातेलं चढवू." थोरलीने पातेलं चढवलं. कुणी तांदूळ आणला, कुणी कांदे, कुणी तेल. ज्याच्याकडे आणायला काही नसे तो भांडी घासायचा. या प्रकाराला कुणी नाव दिलं नाही. 'खाली जेवायचं' एवढंच म्हणत.

पुढे ज्याला त्याला काही ना काही काम मिळालं. कुणी बसवर ड्रायव्हर झाला, कुणी दवाखान्यात लागलं, कुणी पहारेकरी. तरीही खाली जेवणं सुरूच राहिलं, कारण पाळी संपवून आल्यावर गरम जेवण समोर येण्यासारखं सुख नाही. तांदूळ, कांदे, तेल वेळच्या वेळी यायचं. भांडी घासणारे मात्र कमी होत गेले. आज याची पाठ दुखते, उद्या तिच्या मुलाची परीक्षा. शेवटी राबणाऱ्या दोघीच उरल्या. हे इतकं सावकाश झालं की कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दोघींच्याही नाही.

मग प्रकल्पवाली आली.

ती एका संस्थेत कामाला होती. तरुण, बारीक, पाठीवर मोठी पिशवी, डोळ्यांखाली काळं. तिने कुठून तरी ऐकलं होतं, म्हणून बघायला आली आणि जेवूनच गेली. दोनदा भात घेतला. हात धुता धुता म्हणाली, "मावशी, तुम्ही जे करताय ना, ते शाश्वत आहे."

"शिजवलेलं कुठलं शाश्वत, पोरी?" थोरली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आंबतं."

प्रकल्पवाली हसली, पण परत आली. चेअरमनशी बोलली. चेअरमन म्हणजे कारखान्यातले जुने टाइमकीपर. लोकांना वेळेवर आत घेणं आणि वेळेवर बाहेर सोडणं यातच त्यांचा जन्म गेला होता. आता सोडायला कुणी नव्हतं, तेव्हा असं काही आलं की त्यांना हुरूप यायचा. फाटकावर 'शाश्वत वस्ती' अशी हिरवी पाटी लागली. पाठोपाठ गच्चीवर बाग करायचं ठरलं. आपली भाजी आपणच पिकवायची, आपणच शिजवायची आणि आपणच खायची. ऐकायला फारच छान होतं. इमारतीतल्या धडधाकट माणसांनी मातीच्या गोण्या गच्चीवर चढवल्या. खाली जाड प्लास्टिक अंथरलं, विटांचे वाफे केले. दुसऱ्या मजल्यावरची नर्स बागेची सर्वेसर्वा झाली. टोमॅटो आले, वांगी आली, पालेभाजी आली. पाहुणे येऊ लागले. गच्चीवर फोटो, मग खाली जेवण. पाहुणे आले की थोरली-धाकटीला दुप्पट रांधावं लागे, पण पाहुण्यांसमोर हे कोण बोलणार?

गच्चीच्या खाली, चौथ्या मजल्यावर थोरलीचं घर होतं.

आधी छताच्या कोपऱ्यात ओल आली. मग ती पसरत पलंगावर आली. थोरलीचा नवरा दिवसाचा बराच वेळ त्या पलंगावरच असे. रंगखात्यात इतकी वर्षं काढल्याने त्याची छाती गेली होती, चार पायऱ्या चढल्या की बसावं लागे. जीभ मात्र शाबूत होती. पहिला थेंब कपाळावर पडला तेव्हा तो म्हणाला, "अगं, वर झाडं, खाली आपण. म्हणजे आपणच मुळं झालो की! पाणी मुळांनाच मिळणार."

"मुळांना फुटायची तरी सोय असते," थोरली म्हणाली, आणि पलंग भिंतीकडे ओढला.

भिंतीकडेही गळायला लागलं. पलंग खिडकीशी गेला. पूर्वीच्या जागी खालच्या स्वयंपाकघरातलं एक जुनं पातेलं आलं. थोरलीने चेअरमनना सांगितलं. ते वर आले, मान वर करून छताकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "वहिनी, इमारत जुनी आहे, थोडंफार व्हायचंच. ते मोठे पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू." एक मोठे पाहुणे गेले की दुसरे मोठे पाहुणे यायचे. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, अशी चेअरमनची गत होती. बडगा थोरलीच्या डोक्यावर होता.

तिने आणखी जोर लावला असता, भांडली असती. पण एकदा ती कढीपत्ता का कोथिंबीर काहीतरी खुडायला वर गेली, तेव्हा नर्स वाफ्याच्या कडेला बसली होती. दवाखान्यातून थेट वर आली असावी. बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय मातीत, डोळे मिटलेले. झोपली नव्हती, नुसती बसली होती. थोरली काही न खुडताच खाली आली. ज्या बाईला दिवसभर माणसं मरताना बघावी लागतात, तिच्या टोमॅटोंवर तक्रार कशी करायची?

दरम्यान धाकटीच्या मुलीला दिवस गेले. मुलगी दुसऱ्या शहरात, नवरा-बायको दोघं नोकरीला, घरात तिसरं माणूस नाही. धाकटीने बरेच दिवस काही सांगितलं नाही. एका दुपारी दोघी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. धाकटी एकच काडी उलटीसुलटी करून बघत होती.

"जाऊबाई, मी जाते लेकीकडे."

"जा की. बाळंतपण आहे. किती दिवस?"

धाकटीने हातातली काडी मोडली. मग म्हणाली, "परत नाही येणार बहुतेक."

थोरलीने भाजी खाली ठेवली.

"मला रागवा," धाकटी म्हणाली. "काहीतरी बोला."

"काय बोलू? मी थांब म्हटलं तर थांबशील?"

"थांबेन. म्हणून तर म्हणू नका." धाकटीचे डोळे भरले. "माझा नवरा गेला तेव्हा तेराव्या का चौदाव्या दिवशी मी इथे कांदा चिरत होते. सगळे म्हणाले, बघा, किती खंबीर. मी खंबीर नव्हते, जाऊबाई. मला घरी पडून राहायचं होतं. पण माणसं जेवायला येणार होती. मला एकदा असं घर हवंय जिथे मी नाही उठले तर मुलगी विचारेल, आई, बरं नाही का. इथे विचारतात, आज जेवण उशिरा का."

थोरलीने धाकटीच्या पुढ्यातली भाजीही आपल्याकडे ओढली आणि दोघींच्या वाटची निवडली. जाताना धाकटीच्या पिशवीत तिने खायचं बांधून दिलं, फाटकापर्यंत गेली, आणि परत येऊन पातेल्यात पाणी ठेवलं. लोकांनी धाकटी कुठे गेली विचारलं. लेकीकडे, म्हटल्यावर सगळ्यांना आनंद झाला. आता एकटी कसं करणार, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेही 'होईल हो' म्हटलं असतं, हेही खरं.

एकटीने करायला लागल्यावर तिला कळलं की थकवा हा अंगात एका जागी नसतो. तो बोटांत असतो, तो हिरड्यांत असतो. पायऱ्या चढताना ती मधल्या मजल्यावर उभी राही आणि वर जायचं की खाली, हे क्षणभर आठवत नसे. नवरा म्हणे, "बस जरा." ती म्हणे, "बसले तर उठवणार कोण?" हा विनोद नव्हता, पण तो हसायचा, म्हणून तीही हसायची.

अशात सगळ्यांत मोठे पाहुणे यायचे ठरले. परदेशातून काही माणसं, शहरातले अधिकारी, कॅमेरेवाले. प्रकल्पवालीने आधी येऊन थोरलीला विनंती केली. "मावशी, तुम्ही दोन शब्द बोलाल का? हे इतकी वर्षं कसं टिकलं, एवढंच सांगायचं."

"स्वयंपाक करू की बोलू?"

"दोन्ही नाही का जमणार?" प्रकल्पवालीने विचारलं, आणि लगेच तिचा चेहरा पडला, जणू आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं. पण तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली.

पाहुण्यांना बाग हिरवीगार दिसावी म्हणून आदल्या दिवशी वाफ्यांना भरपूर पाणी घातलं गेलं. सकाळी थोरली खाली जायला निघाली, चपला घालत होती, तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. आधी तिला वाटलं, नवऱ्याने पाण्याचा तांब्या पाडला. वळून बघते तो खोलीत धुरळा. खिडकीपाशी छताचा मोठा तुकडा पलंगावर कोसळला होता आणि वरच्या भगदाडातून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. एका सळीवरून पाणी ओघळत होतं. नवरा ढिगाऱ्याखालून एका हाताने उशी चाचपत होता.

"लागलं का हो? कुठे लागलं?"

"खांद्याला," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "डोकं वाचलं. तसंही त्यात विशेष काही नव्हतं."

तिची किंकाळी सगळ्यांत आधी ऐकली ती ड्रायव्हरने. तो नर्सच्या समोरच्या घरात एकटाच राहायचा. पाळीवरून येऊन नुकताच आडवा झाला होता. हा माणूस इमारतीत जेवणाबद्दलच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध होता. आज मीठ कमी, काल भात गिचका, परवा डाळ पाणचट. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला, थोरलीच्या नवऱ्याला पाठुंगळीला घेतलं आणि चारही मजले उतरवून रिक्षात घातलं. थोरली शेजारी बसली. रिक्षा फाटकातून बाहेर पडली तेव्हा चेअरमन इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. "वहिनी, मग जेवणाचं?" एवढं त्यांच्या तोंडून निघून गेलं. थोरलीने ऐकलं.

पाहुणे आले तेव्हा खालच्या खोलीत चूल थंड होती. ओट्यावर तिने आदल्या दिवशी भिजत घातलेली डाळ फुगून बसली होती. ती कशी शिजवायची, किती पाणी, मोठ्या शेगडीचं बटण कुठलं, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. इतकी माणसं रोज तिथे बसून जेवत आली होती, पण बटणाकडे कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी चेअरमननी हॉटेलातून जेवण मागवलं. ते प्लास्टिकच्या डब्यांतून आलं, डब्यांवर प्लास्टिकचे चमचे, चमच्यांवर प्लास्टिकचं वेष्टण. पाहुणे हिरव्या पाटीखाली उभे राहून ते जेवले. कुणीतरी फोटो काढायला गेलं, तर प्रकल्पवालीने हाताने नको नको केलं.

दवाखान्यात खांद्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. हात गळ्यात बांधून दिला. घरी न्यायला परवानगी मिळाली, पण घर कुठलं? खोलीत भगदाड होतं. इंजिनिअर येऊन बघून गेला होता. गच्चीवरची माती काढेपर्यंत तिथे राहायचं नाही, असं बजावून गेला होता. ओल्या मातीचं वजन हत्तीएवढं असतं, म्हणाला, आणि हे छत माणसांसाठी केलंय. ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, माझ्याकडे दोन खोल्या आहेत. मी पाळीवर असतो. एक तुमची." थोरलीने हो म्हटलं. नको म्हणायला लागणारी ताकद तिच्यात नव्हती.

ड्रायव्हरच्या घरी ती झोपली. नवऱ्याचं औषध द्यायला उठायची, पुन्हा झोपायची. भर दुपारी झोपायची. इतकी की नवरा एकदा डाव्या हाताने तिच्या नाकाशी बोट धरून बघत होता.

दोन दिवस इमारतीने कळ काढली. मग चेअरमन आले. दारातच उभे राहिले.

"वहिनी, खांदा कसा आहे यांचा?"

"बरा आहे."

"छान, छान. मग उद्यापासून..."

"उद्यापासून नाही."

"बरं. परवा?"

"परवाही नाही."

चेअरमननी चष्मा काढून पुसला. "तुमची अडचण कळते हो. पण लोक खाणार काय?"

थोरली पलंगाच्या कडेला बसली होती. आवाज चढवला नाही. "भाऊजी, इतकी वर्षं रोज डोळे उघडले की हाच प्रश्न माझ्या छातीवर बसलेला असायचा. आज लोक खाणार काय. आता तो तुम्ही घ्या. मी थकले."

शेवटचा शब्द ऐकून चेअरमन दारातून मागे सरकले. त्यांनी हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनेही नव्हता. ते गेल्यावर ती रडली, आणि नवरा नेमका काही विनोद न करता बसून राहिला.

इमारतीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, एवढा ताठा बरा नव्हे. कुणी म्हणालं, आपलंही चुकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराने सरळ सांगितलं, आम्ही आमचं वेगळं शिजवू, रोज रोज कुणाच्या मिनतवाऱ्या करायच्या? संध्याकाळी जिन्यात प्लास्टिकच्या डब्यांचे ढीग दिसू लागले.

सुट्टीच्या दिवशी माती उतरवायचं ठरलं. वर चढवताना गाणी म्हणत चढवली होती. उतरवताना कुणी बोलत नव्हतं. जिन्यावर माणसांची रांग, हातातून हातात बादल्या. माती ओली, जड, बादलीच्या कड्या बोटांत रुतत होत्या. चेअरमनही इस्त्रीचा सदरा काढून रांगेत उभे राहिले. नर्सचं दार बंद होतं. बरीच माती उतरल्यावर ती बाहेर आली, कुणाकडे न बघता वर गेली, आणि रंगाच्या जुन्या डब्यांत टोमॅटोची काही रोपं घेऊन खाली आली. ड्रायव्हरच्या दारापाशी थांबली. आत थोरली बसलेली दिसत होती.

"मला कळत होतं, थोरली," नर्स म्हणाली. "पाणी घालताना कळत होतं की खाली तुमचं घर आहे. मी घालत होते तरी."

"मलाही कळत होतं की तुला कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

थोरलीने खांदे उडवले. "तू तिथे बसलेली मी पाहिली होती. म्हटलं, हिला एवढं तरी असू दे."

नर्स डबे हातात धरून तशीच उभी होती. "असं नका करत जाऊ," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात रागही होता. "असं कुणासाठीच नका करत जाऊ. आम्हाला कळतच नाही मग." आणि रोपं घेऊन खाली अंगणात गेली. कुंपणाच्या कडेने जी माती टाकली होती तिच्यात ती लावली. त्यातली काही जगली.

इकडे ड्रायव्हरवर वेगळंच संकट होतं. घरात दोन पाहुणे, त्यातला एक आजारी, आणि त्याला स्वतःला चहाशिवाय काही करता येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने बटाटे उकडले. बाहेरून मऊ, आतून कच्चे. थोरलीने ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी डाळ लागली. थोरलीने तीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो पातेल्यापाशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, मीठ किती घालू?"

"तुम्हाला तर बरोबर कळतं की, किती कमी पडतं ते."

ड्रायव्हर ओशाळला. मग हसला. थोरलीही हसली, बऱ्याच दिवसांनी. पण उठली नाही. उठावंसं वाटत होतं. हात शिवशिवत होते. तिने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले.

भाताचा वास जिन्यात गेला. समोरची नर्स आली, आपली ताटली घेऊन. मग वरच्या मजल्यावरची एक म्हातारी आली; तिला डब्यातलं तिखट सोसत नव्हतं. ड्रायव्हरचं पातेलं लहान पडायला लागलं, तेव्हा एके दिवशी तो वैतागून खाली गेला, कुलूप काढलं आणि मोठी शेगडी पेटवली. बटण शोधायला त्याला बराच वेळ लागला. नर्स कांदे चिरायला बसली. ती कांदे असे चिरायची जणू कुणाचं ऑपरेशन चाललंय. जेवण व्हायला इतका उशीर झाला की निम्मे लोक कंटाळून घरी गेले. उरलेल्या निम्म्यांनी खाल्लं. तक्रार करायला ड्रायव्हरच शिल्लक नव्हता, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

असं रडतखडत सुरू झालं. रोज नाही, जमेल त्या दिवशी. मग त्या दिवसांवरून भांडणं झाली. तू आलास, मी आले, तो आलाच नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर परत आलंच नाही, त्यांच्यापाठोपाठ आणखी काही सुटली. एकदा तर चेअरमननी घासलेल्या पातेल्याला इतकं खरकटं निघालं की नर्सने ते त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. त्यांनी मुकाट्याने पुन्हा घासलं.

या सगळ्यात एकदा प्रकल्पवाली आली. पाटी काढायला माणूस सोबत होता. ती पाटी आता दुसऱ्या कुठल्या इमारतीला लागणार होती. तो माणूस शिडीवर असताना ती थोरलीकडे आली. छताचं काम होऊन थोरली आपल्या घरी परतली होती. नव्या प्लास्टरला अजून ओलसर चुन्याचा वास होता.

"मावशी, मला माफ करा," ती म्हणाली. "मला वाटायचं, हे इथे आपोआप चालतं. लोक एकत्र आले की आपोआप."

"आपोआप काही चालत नाही, पोरी. आपोआप फक्त गळतं."

प्रकल्पवाली खुर्चीवर बसली आणि बसल्याबरोबर तिचे खांदे खाली आले. ती कुठे राहते, थोरलीने विचारलं. लांब, म्हणाली, एक खोली, भाडं फार, घर बदलून बदलून कंटाळा आलाय. जेवणाचं काय करतेस? पाकिटातलं काहीतरी गरम पाण्यात घालते, उभ्या उभ्या खाते. आणि दिवसभर लोकांना काय सांगतेस? प्रकल्पवालीने तोंडावर हात ठेवला आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे ओले झाले. थोरलीने तिला पाणी दिलं. जेवून जा, असं तोंडावर आलं होतं, पण त्या दिवशी खाली जेवण नव्हतं आणि घरात तिने काही केलेलं नव्हतं. तिने पाव आणि दूध पुढे केलं. दोघींनी तेच खाल्लं. खाली शिडी घसरल्याचा आवाज आला आणि प्रकल्पवाली धावत गेली. कुणाला लागलं नव्हतं.

धाकटीला नात झाली. ती आठवड्यातून एकदा फोन करायची. तिला सगळं कुठून ना कुठून कळलेलं असायचं.

"जाऊबाई, येऊ का मी?"

"कशाला?"

"तुम्हाला मदत..."

"मी काही करतच नाहीये, तर मदत कसली?" थोरली म्हणाली. "आठवड्यातला एक दिवस मी घेतलाय, माझ्या मनाने. त्या दिवशी कांदे चिरायला तो ड्रायव्हर असतो. बोटांसकट चिरतो. तू राहा तिथेच."

पलीकडे बाळाचं रडणं ऐकू आलं. "आज मी उशिरा उठले," धाकटी म्हणाली. "लेकीने विचारलं, आई, बरं नाही का."

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरं आहे. झोप येत होती."

थोरलीने फोन ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली. आज तिचा दिवस नव्हता. नर्सचा आणि चेअरमनचा होता. नवऱ्याच्या खांद्याला आता पट्टा नव्हता, पण हात पुरता वर जात नव्हता. तिने त्याला सदरा घालून दिला. दोघं जिना उतरू लागली. तो दर मजल्यावर दम घ्यायला थांबायचा. पूर्वी तिला त्याच्यासाठी थांबायला वेळ नसे, त्याचं ताट ती वर पाठवी. आता तीही थांबायची. तिलाही दम लागतो, हे तिला या थांबण्यातच समजलं होतं.

खोलीत मोजकीच माणसं होती. कोबी जरा करपला होता. चेअरमन घाईघाईने ताटं मांडत होते, एक ताट ओलंच होतं. थोरली बाकावर बसली आणि तिला नेहमीसारखं कळेना की रिकाम्या हातांचं काय करायचं. तिने ते टेबलावर ठेवले. नर्सने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं.

"कसं झालंय?" नर्सने विचारलं.

"आधी खाऊ तर दे," थोरली म्हणाली, आणि घास घेतला.